धनुबाई छाप काळं मंजन

नाशिक, १० मार्च २०२४

आप्पा,

नमस्कार करते. घ्यायचा की परत पाठवायचा ते तुम्ही ठरवा. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय, काकांच्या हेमकांतच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून ठेवून देता, म्हणून शेवटी पोस्टाला कामाला लावलंय. पोस्टमनला तुम्ही हाकलणार नाही, तो आपलंच मंजन वापरतो.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. नंदुरबारला दातांची डॉक्टर म्हणून केलेल्या भाषणात मी बोलले ते खरं होतं आणि आजही खरं आहे. जाड दाण्याचं मंजन दातावरचं एनॅमल घासून काढतं, एवढंच मी म्हणाले. कुणाचं नाव घेतलं नाही. उलट, ज्या मंजनात तंबाखू नाही त्याचं मी कौतुकही केलं होतं. बातमीदाराने ते गाळलं आणि आपल्या पुडीचा फोटो छापला. वर पुडीवर माय हसतेय आणि खाली मथळा, 'काळ्या मंजनाने दातांचा नाश'. शहाद्याच्या बाजारात बाया मायला विचारायला लागल्या की तुमचे दात खरे की बसवलेले. तुमचा संताप झाला, तो मला समजतो. पण बातमीदाराचा राग तुम्ही पोरीवर काढलात. 'हाई घर आते तुन्हं नही' म्हणालात. त्याला आता वर्ष होईल.

मुद्द्याचं बोलते. एनॅमल म्हणजे दातावरचं पांढरं कवच. सगळ्या अंगात त्याच्याएवढं कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. पण त्यात जीव नसतो. मोडलेलं हाड सांधतं, कापलेली कातडी भरते, एनॅमल गेलं ते गेलं. आंबट खाल्लं की ते थोडा वेळ नरम पडतं. तोंडातली लाळ त्याला हळूहळू पुन्हा कडक करते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

आणि आपल्याकडे तोच वेळ कोणी देत नाही. धडगावकडच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात घरोघरी कैऱ्या सोलतात, चिरतात, वाळवून आमचूर करतात. चिरता चिरता फोडी तोंडात जातात आणि संध्याकाळपर्यंत दात आंबून जातात. मग बाया काय करतात? जे तुम्ही त्यांना बाजारात उभं राहून जन्मभर शिकवलंत तेच. 'कैरी खाय, लगेच घस, दात मोकया!' मीही लहानपणी तुमच्या शेजारी खोक्यावर उभी राहून हीच आरोळी दिलीय, आणि माझा आवाज तुमच्यापेक्षा लांब जायचा.

दात मोकळे वाटतात ते खरंच. पण माझ्या समजुतीप्रमाणे ते मोकळे वाटतात कारण नरम पडलेला थर मंजनाबरोबर थुंकला जातो. दोष मंजनाच्या दाण्याचा थोडा आणि त्या 'लगेच'चा फार, असं मला वाटतं. वाटून चालत नाही, दाखवावं लागतं. येत्या आमचुराच्या दिवसांत मी धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणार आहे. माझं म्हणणं खरं ठरलं तर त्या बायांचे दात राहतील, पुडीही राहील, आणि तुम्हाला फक्त आरोळी बदलावी लागेल. खोटं ठरलं तर तो बातमीदार बरोबर, आणि तुमच्या दारात यायला मला तोंड नाही.

तुम्ही आडवे येऊ नका, एवढंच मागते.

मगनभाऊ मंजनवाल्यांची पोर,
दीपमाला


धडगाव, २१ एप्रिल २०२४

आप्पा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायचे. आता इथे पोस्टमनच येत नाही, तेव्हा ती कटकट मिटली.

इथे सगळीकडे कैरीचा वास आहे. अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन पडतं तिथे फोडी वाळत घातल्यात. रविना म्हणून इथली आशाताई माझी दुभाषी. बाया आपसात पावरी बोलतात. मला त्यातलं निम्मं कळतं, आणि उरलेलं निम्मं बहुतेक माझ्याबद्दल असतं.

माझं काम असं. टाळूला बसेल अशी गुलाबी पट्टी, कवळीसारखीच, आणि तिच्यात दाताचे दोन कपचे. बाईने ती घालून दिवसभर कैऱ्या चिरायच्या, खायच्या. संध्याकाळी पट्टी काढून डावा कपचा लगेच मंजनाने घासायचा. उजवा नुसता पाण्याने विसळायचा, पट्टी पुन्हा घालून झोपायचं आणि तो सकाळी घासायचा. म्हणजे कुणाचा स्वतःचा दात पणाला लागत नाही. कागदावर फार सुंदर दिसत होतं. वर्षभर खपून मी ते बसवलं होतं.

पहिल्याच दिवशी दिवलीबाईने पट्टी तळहातावर उलटीसुलटी करून पाहिली. पाड्यावर ही म्हातारी म्हणेल ती पूर्वदिशा. तिने विचारलं, "दात कोणाचा?"

मी सांगितलं, नाशिकच्या दवाखान्यांत काढलेल्या दाढा आहेत, उकळून, औषधात ठेवून साफ केलेल्या.

"त्याचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं.

"जिता आहे का मेला?"

तेही ठाऊक नव्हतं. तिने पट्टी माझ्या हातात परत ठेवली. "नाव ठाऊक नाही त्याचं हाड मी तोंडात धरणार नाही," म्हणाली. तिच्या मागोमाग सगळ्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. माझं वर्षभराचं काम कैऱ्यांच्या सालींत पडून होतं. मी चिडले, आप्पा. तुमच्यावर गेलेय, चिडले की मला गप्प बसता येत नाही. उकळलंय, निर्जंतुक केलंय, यंत्रातून काढलंय, सगळं सांगून झालं. दिवलीबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उकळल्यावर परक्याचं घरचं होतं का?"

दोन दिवस मी रविनाच्या ओट्यावर बसून होते. नाशिकला माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी काय सांगणार होते? मग रविनाच म्हणाली की करमसिंगबाबाची, म्हणजे दिवलीबाईच्या नवऱ्याची, दाढ हिवाळ्यात काढली होती, ती त्याने डबीत जपून ठेवलीय. मी तशीच उठले. दिवलीबाईला विचारलं, "घरचा दात चालेल?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चालेल."

त्यानंतर इथे दातांचं शिबिर भरवलं. ज्यांच्या दाढा काढायलाच झाल्या होत्या त्या काढल्या, साफ करून नेमक्या त्याच घरच्या पट्टीत बसवल्या. सासूची सुनेच्या पट्टीत, दिराची भावजयीच्या. एका सुनेने सासूची नको म्हणून भावाला माहेराहून बोलावून घेतलं. करमसिंगबाबाची अक्कलदाढ आता दिवलीबाईच्या टाळूला आहे. ती म्हणते, "जन्मभर तोंडाला तोंड देत होता, आता तोंडातच येऊन बसला." बाबा तेव्हापासून लाजून तिच्यासमोर कैरी चिरायला बसत नाही.

मॅडमना हा बदल कळवला. त्या म्हणाल्या, एकाच घरचं खाणंपिणं असलेले दात, तपासायला उलट बरंच झालं. मी मोठ्या शहाणपणाने 'हो, तोच विचार केला होता' म्हणाले.

मंजन कोणतं वापरतेय ते विचारू नका. आणि हेमकांतला रागावू नका.

दीपमाला


नाशिक, १६ जून २०२४

आप्पा,

काल मायचा फोन आला. म्हणाली, "तुन्हा बाप सांगस, चिठ्ठ्या चुल्हामा टाकी दिन्ह्यात. आपला घरमा चुल्हा कोठे शे वं? गॅस शे."

मी तिला पावसाचं विचारलं. तुम्ही तिला रागावू नका.

पट्ट्या गोळा करून आणल्या. शेवटी शेवटी फार ओढाताण झाली. मे महिन्यात पाड्यावरच्या झऱ्याचं पाणी आटलं. बाया डोंगर उतरून हंडे आणतात, त्या चूळ भरून पाणी थुंकायला कशाला तयार होतील? मीही तोंड वर करून सांगू शकले नाही. मग एका घोटाची चूळ ठरली, आणि ती अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी थुंकायची. तेवढ्याने काम होतं की नाही ते आता यंत्र सांगेल. यंत्र पुण्याला आहे आणि माझा नंबर थंडीत लागणार आहे.

मला भीती वाटते, आप्पा. समजा दोन्ही कपचे सारखेच झिजलेले निघाले तर? मग मी त्या बायांना काय तोंड दाखवू, आणि मायला? पुडीवरचा तिचा फोटो काढून टाका म्हणून सांगावं लागेल. तिला तो फोटो किती आवडतो ते तुम्हाला माहीत आहे. ती सांगत नाही, पण नवीन पुड्यांचं बंडल आलं की आधी वरची पुडी पुसून बघते.

परतताना शहाद्याला गाडी थांबली होती. स्टँडवर चहा प्यायले. घर चालत जायच्या अंतरावर, आणि मी कपाकडे बघत बसले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं. आता खोडत नाही.

दीपमाला


नाशिक, ९ जानेवारी २०२५

आप्पा,

जिंकले.

पुन्हा लिहिते, कारण हे लिहायला फार बरं वाटतंय. जिंकले, जिंकले.

पुण्याहून आकडे आले. डावे कपचे, जे आंबट खाल्ल्यावर लगेच घासले होते, त्यांच्यावर चर पडलेत, यंत्राच्या चित्रात पाटचारीसारखे दिसतात. उजव्यांवर, ज्यांना एका घोटाची चूळ आणि रात्रभराची लाळ मिळाली, नुसते ओरखडे आहेत. एकाच बाईच्या तोंडातले, एकाच दाढेचे दोन तुकडे, तीच कैरी, तेच मंजन, आणि एवढा फरक. प्रत्येक घरात तेच. सासूच्या दाढेत तेच, माहेरच्या भावाच्या दाढेत तेच. करमसिंगबाबाची दाढ तर अशी निघाली की मॅडमनी तिचं चित्र भिंतीवर लावलंय.

मी प्रयोगशाळेत ओरडले. शिपाई धावत आला, त्याला वाटलं मला शॉक बसला. मॅडम, ज्या कधी कुणाला 'छान' म्हणत नाहीत, त्यांनी जिलेबी मागवली. दाताच्या प्रयोगशाळेत जिलेबी! आमचा लेख बाहेरच्या एका मोठ्या नियतकालिकाने घेतला आहे. त्याच्या शेवटी पाड्यावरच्या सगळ्या बायांचे आभार आहेत, ज्यांच्या दाढा होत्या त्यांच्या नावांसकट. दिवलीबाईला नावाशिवाय काही चालत नाही.

आता तुमचं ऐकायचं. मंजन वाचलं, पण त्याला मी निर्दोष सोडलेलं नाही. उजव्या कपच्यांवर जे ओरखडे आहेत ते तुमच्या बाभळीच्या कोळशाचे आहेत. हो, तुमच्याच, पुड्या हेमकांतनेच आणून दिल्या होत्या. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, हेमकांतच्या पोटात काही राहत नाही. भिंगाखाली लवंग, तुरटी, सैंधव सगळं मऊसूत दिसलं, आणि मधेच कोळशाचे खडे. तुम्ही पिठाच्या चाळणीने चाळता. ते वस्त्रगाळ व्हायला पाहिजे. नुसतं चाळलेलं आणि वस्त्रगाळ, दोन्ही मी घासून पाहिलंय. वस्त्रगाळाचा ओरखडा शोधायला मला चष्मा बदलावा लागला.

म्हणजे दोनच गोष्टी. मंजन कापडातून गाळा, आणि आरोळीतून ते 'लगेच' काढा. आंबट खाल्लं की चूळ, आणि मंजन सकाळी. रोजच्या रोज चांगली पेस्ट वापरली तर आणखी उत्तम, पण ते मी तुम्हाला सांगत नाही, माझा जीव मला प्यारा आहे.

तुम्ही म्हणाल, जन्मभर मी लोकांना चुकीचं सांगत आलो का? हो, आप्पा. सांगत आलात. शोध लागेपर्यंत सगळेच सांगतात. लागल्यावरही सांगत राहिलात तर मात्र मी भांडणार.

तुमची (तुम्ही नाही म्हटलं तरी)
दीपमाला


नाशिक, २ मार्च २०२५

आप्पा,

माय फोनवर फार चिडली होती. "मन्हं चांगलं मलमलनं लुगडं फाडी टाकं तुन्हा बापनी. कसाले, इचारं, ते सांगस चाळणी तुटनी."

मी तिला म्हटलं, चाळणी तुटली असेल.

जास्त काही लिहीत नाही. मायला नवीन लुगडं पाठवतेय, मलमलचंच. ते तिचं आहे, तुम्ही हात लावायचा नाही.

दीपमाला


शहादा, आपलं घर
४ मे २०२५

आप्पा,

तुम्ही पलीकडच्या खोलीत आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. माय मघाशी दारातून बघून गेली आणि कपाळावर हात मारला. पण सवय झालीय मला. काही गोष्टी तुमच्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने बोलवत नाहीत.

मी काल धडगावच्या बाजारात पाड्यावरच्या बायांना लेखाची प्रत द्यायला गेले होते. तुम्हाला भेटायला नव्हे. दिवलीबाई मात्र मला हाताला धरून थेट तुमच्या मंजनाच्या जीपसमोर घेऊन गेली. गर्दी होती, मी मागे उभी राहिले. आधी तुमचा आवाज आला. घसा पार बसलाय तुमचा. तुम्ही कैरीची फोड एका माणसाला खायला दिलीत, नेहमीसारखी. त्याने सवयीने मंजनासाठी बोट पुढे केलं. आणि तुम्ही पुडी मागे घेतलीत.

"आते नही. सकायले," म्हणालात.

तो माणूस म्हणाला, आजवर तर तुम्हीच लगेच घासायला सांगायचात. सगळी गर्दी हसली. वाटलं, आता चिडतील, नाहीतर लोकांसमोर नमतं घेतील आणि जुनीच आरोळी देतील. तुम्ही त्याला जवळ बोलावलंत. "तुन्ही बायको घर सारवस ना? ओला सारवनवर झाडू मारशी का तू?"

"नाय."

"मारा ते काय व्हई?"

"उखडेल सारं."

"तेच सांगी ऱ्हायनू. आंबट खादं का दात ओला सारवननागत व्हस. पहिले चूळ भर. सुकू दे. मंजन सकायले."

सगळ्यांना कळलं. तिथल्या तिथे, एका झटक्यात. मी तेच समजावायला पाड्यावर चित्रं नेली होती, रविनाचा घसा कोरडा पडला होता, नाशिकला पडद्यावर आलेख दाखवले होते. आणि माझ्या डोक्यात सारवण आलं नाही. मी सारवलेल्या घरात वाढलेय, तरी आलं नाही.

मग मला राहवलं नाही. मी पुढे आले आणि गिऱ्हाईकासारखं विचारलं, "भाऊ, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दोन वर्षांनी पाहिलंत. आणि भर बाजारात, तोंडावरची रेषही न हलवता म्हणालात, "मन्हा आजानी."

आप्पा! पणजोबांनी? ज्यांच्या तोंडात म्हातारपणी एक दात उरला नव्हता, असं तुम्हीच सांगता, त्यांनी? माझं सगळं काम, पाड्यावरचा उन्हाळा, पुण्याचं यंत्र, करमसिंगबाबाची दाढ, सगळं तुम्ही एका वाक्यात पणजोबांच्या नावावर करून टाकलंत. दिवलीबाई शेजारी उभी होती, ती काहीतरी बोलणार होती. मी तिचा हात दाबला. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं, म्हणून मी उसाच्या रसाच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले.

चोरा, आप्पा. आणखी चोरा. माझा लेख आजवर मोजक्या लोकांनी वाचलाय आणि त्यातले निम्मे माझ्याशी वाद घालायला टपलेत. तुमची आरोळी आख्ख्या बाजाराने ऐकली. मला याहून मोठा मान कोणी देऊ शकत नाही. आणि तुमचं सारवण मी चोरणार आहे, पुढच्या महिन्यात दिल्लीच्या परिषदेत. कोणी विचारलं तर माझ्या पणजीने सांगितलं म्हणून सांगेन.

बाजार उठल्यावर तुम्ही जीपचं पुढचं दार उघडून नुसते उभे राहिलात. बस म्हणाला नाहीत. मी बसले. घाट उतरून खालचा सपाट रस्ता लागल्यावर तुम्ही विचारलंत, "लाळनं काम कितला येळ चालस?" आणि मी सांगत सुटले. तुम्ही विचारत गेलात, म्हाताऱ्यांची लाळ कमी होते का, लिंबाचं काय, चिंचेचं काय, ताकाचं काय. शहादा आलं तरी माझं संपलं नव्हतं. मागच्या दोन वर्षांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मीही नाही. दारात माय उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, "चहा टाक, दोन कप," जशी काही मी सकाळीच कॉलेजला गेले होते.

जे तोंडावर बोलवत नाही ते हे. मला तुमची फार आठवण यायची. नाशिकला सगळे मला डॉक्टर दीपमाला म्हणतात, पण मी कोण आहे ते मला काल बाजारात कळलं, तुमची आरोळी ऐकताना. एवढ्या माणसांसमोर स्वतःचाच जन्मभराचा शब्द मागे घ्यायला छाती लागते. मला ती जमली असती की नाही, देव जाणे. मला तुमचा अभिमान वाटतो, आप्पा. पणजोबांचा नाही, तुमचा.

हे पत्र तुमच्या चष्म्याखाली ठेवतेय. चुलीत टाकायचं असेल तर आधी चूल आणावी लागेल.

आणि पुढच्या बाजाराला मला सोबत न्या. तुमचा घसा बसलाय, आरोळी मी देते.

दीपमाला